मागाची गती आणि कार्डाची मेमरी

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. मी सोलापूरचा, संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरामागच्या शेडमध्ये बाबांचे सहा यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. माल तपासायला दोन मावशी येतात, तरी महिन्यातून एकदा तरी व्यापाऱ्याकडून खराब माल परत येतो. कॅमेरा लावून कापडातले दोष पकडणारं मॉडेल मला बनवायचं आहे. शिवाय पुढे नोकरीसाठी चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा-मॉडेलंही हाताळायची आहेत. त्यासाठी घरीच तगडा कॉम्प्युटर असेंबल करायचा विचार आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० ग्राफिक्स कार्ड, १२८ जीबी रॅम, वॉटर कूलिंग, १२०० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, अशी यादी केली आहे. बेरीज चार लाखांच्या घरात जाते. एक मित्र म्हणतो, त्यापेक्षा जुनी ३०९० कार्डं दोन घे. दुसरा म्हणतो, एनव्हिडियाऐवजी एएमडीचं कार्ड घे, स्वस्त पडतं. बाबा एफडी मोडायला तयार आहेत, पण त्यांनी विचारलं, "एवढ्यात एक जुना माग येतो की रे, हे मशीन काय विणणार?" मला उत्तर देता आलं नाही. आई म्हणते, आवाज होईल, घरात नको, शेडमध्ये ठेव. काय करू? मी तुमच्या मुलाच्या वयाचा आहे, अरे-तुरे चालेल. नाव मात्र छापू नका.

उत्तर

अरे, तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा नाही, बाबांचा आहे. हे मशीन काय विणणार? यादी करण्याआधी तू याचं उत्तर शोधलं असतंस तर यादी निम्मी झाली असती. चल, आता शोधू.

आधी शेडमध्ये जा आणि बाबांना दोन आकडे विचार. मागावर मिनिटाला किती पिक, म्हणजे आडवे धागे, पडतात, आणि टॉवेलला इंचाला किती पिक बसतात. समजा, पहिला आकडा १२० निघाला आणि दुसरा ४०. म्हणजे मिनिटाला तीन इंच कापड पुढे सरकतं. तीन इंच! गोगलगायसुद्धा त्याला मागे टाकेल. चार लाखांचं मशीन या तीन इंचांकडे डोळे लावून बसणार, आणि त्यातला बहुतेक वेळ जांभया देणार.

हिशोब आणखी पुढे नेतो, कारण मजा त्यातच आहे. मागाची रुंदी ६० इंच धर, म्हणजे साधारण १,५२४ मिलिमीटर. बारीक दोष दिसायचा तर एका मिलिमीटरला आठेक पिक्सेल हवेत. रुंदीला झाले बारा हजार पिक्सेल. चार हजार पिक्सेल रुंदीचा कॅमेरा घेतलास तर एका मागाला तीन, सहा मागांना अठरा. दर पंधरा सेकंदांनी फोटो घेतलास तर तेवढ्या वेळात नवं कापड येतं पाऊण इंच, म्हणजे उंचीला दीडशेच्या आसपास पिक्सेल. मॉडेलला देताना आपण फोटोचे २२४ बाय २२४ चे तुकडे करतो. म्हणजे एका कॅमेऱ्याच्या नव्या कापडाचे १८ तुकडे. अठरा कॅमेऱ्यांचे ३२४, तेही पंधरा सेकंदांत. सेकंदाला बावीसच्या आसपास. रेसनेट-५० सारखं फोटो ओळखणारं न्यूरल जाळं मधल्या दर्जाच्या कार्डावर याच्या कितीतरी पट काम करतं. तुझ्या सहा मागांचा भार त्याला जाणवणारही नाही.

हे झालं चालवण्याचं. शिकवण्याला जास्त ताकद लागते, असं तू म्हणशील, आणि ते खरं आहे. पण किती जास्त? रेसनेट-५० मध्ये अडीच कोटींच्या आसपास पॅरामीटर, म्हणजे शिकताना बदलणारे आकडे, असतात. शिकवताना प्रत्येक पॅरामीटरमागे वजन (तो आकडा स्वतः), ग्रेडियंट (तो कुठे सरकवायचा याची खूण) आणि ॲडम या शिकवण्याच्या पद्धतीची बेरीज-वजाबाकी मिळून सोळा बाइट धरतात. म्हणजे ४०० एमबी. उरलेली मेमरी खातो तो फोटोंचा गठ्ठा, म्हणजे बॅच. ती लहान-मोठी करणं तुझ्या हातात आहे. १२ किंवा १६ जीबीचं कार्ड इथे ऐसपैस आहे.

आणि मला शंका अशी, की तुला शिकवायची वेळच फारशी येणार नाही. तुझ्याकडे दोषाचे फोटो किती असतील? तेलाचा डाग महिन्यातून दहा वेळा, लूप सुटलेली रेघ पाच वेळा, आणि एखादा दोष वर्षातून एकदाच. एवढ्यावर "हा डाग, ही गाठ" असं शिकणारं मॉडेल उभं राहत नाही. म्हणून कारखान्यातल्या तपासणीत उलटं करतात. मॉडेलला फक्त चांगला माल दाखवायचा आणि वेगळं काही दिसलं की ओरडायला सांगायचं. एमव्हीटेक एडी नावाचा फोटोंचा संच २०१९ मध्ये याच कामासाठी आला. त्यात १५ प्रकारच्या वस्तूंचे ५,३५४ फोटो आहेत, गालिचा आणि चामडंही आहे, आणि शिकवण्यासाठी दिलेले सगळे फोटो निर्दोष मालाचे. पॅचकोअर ही पद्धत तर आधीच शिकलेलं जाळं जसंच्या तसं वापरते. चांगल्या कापडाच्या तुकड्यांच्या खुणा साठवते आणि नवा तुकडा त्यांच्यापासून किती लांब पडतो ते मोजते. त्यात दिवसरात्र कार्ड तापवणं नाही. मावशींनी पास केलेल्या मालाचे पाचशे फोटो गोळा कर, यात तुला जास्त वेळ लागेल. तपासताना मावशींचा हात कुठे थांबतो तेही बघ. कापड हातातून सरकवत त्या बोटांनी काय शोधतात, हे कुठल्याही संचात मिळणार नाही.

प्रकाशाचंही सांगतो. टॉवेलला लूप असतात, त्यामुळे साध्या कापडासारखा सुटा धागा डोळ्यांना दिसत नाही. वरून सरळ ट्यूबलाइट मारलीस तर सगळं सपाट पांढरं येईल. दिवा बाजूने, अगदी तिरका लाव. लूप नसलेली रेघ सावलीसारखी उठून दिसेल. पाचशे रुपयांची एलईडी पट्टी नीट जागी लावली तर मॉडेलचं अर्धं काम तिथेच होतं. कार्डाच्या दुप्पट किमतीनेही ते भरून निघत नाही.

हे वाचून हिरमुसू नकोस. घरी मशीन असू नये असं मी म्हणत नाही. २०१२ साली टोरोंटोत ॲलेक्स क्रिझेव्स्कीने बारा लाख फोटोंवर जे जाळं शिकवलं, ज्याच्यापासून हे सगळं वेड सुरू झालं, ते आई-वडिलांच्या घरातल्या त्याच्या खोलीत ठेवलेल्या कॉम्प्युटरवर. दोन जीटीएक्स ५८० कार्डं होती, मेमरी प्रत्येकी ३ जीबी. गेम खेळायची कार्डं ती. जाळं एका कार्डात मावेना, म्हणून त्याने ते मधोमध कापून दोन्हींवर वाटलं आणि पाच-सहा दिवस चालू ठेवलं. तेव्हा घरातला कॉम्प्युटर कमी पडतो, ही तक्रार माझ्यापुढे टिकत नाही. फक्त त्याच्याकडे काम आधी होतं, आणि ते कुठे अडतंय हे त्याला नेमकं माहीत होतं. तुझं अजून कुठेच अडलेलं नाही.

म्हणून पहिले दीड-दोन महिने एक रुपयाही खर्च करू नकोस. कॅगल नावाची वेबसाइट आठवड्याला तीसेक तास इंटरनेटवरून कार्ड फुकट वापरू देते, १६ जीबीचं. गूगल कोलॅबवरही १६ जीबीचं टी४ कार्ड तसंच मिळतं, अधूनमधून हाकलून देतात तेवढंच. मोबाइलने काढलेले फोटो, तिरका दिवा आणि हे तीस तास. एवढ्यावर सहा मागांपैकी एका मागाचा नमुना तयार होतो. ते तीस तास तू सलग तीन आठवडे संपवलेस, बुधवारीच कोटा संपला म्हणून चिडचिड झाली, की मला पुन्हा लिही. मग मशीन घेण्याला अर्थ आहे. पहिल्या आठवड्यात चार तास वापरून कंटाळलास, तर बाबांची एफडी वाचली.

समजा कोटा संपला. मग काय घ्यायचं ते आता बघू, कारण तू घेणारच आहेस हे मला पत्राच्या सुरावरून दिसतंय.

तुझं दुसरं कारण आहे भाषा-मॉडेलं. तिथे एकच गोष्ट ध्यानात ठेव: कार्डाच्या वेगाआधी कार्डाची मेमरी बघायची. हळू कार्डावर काम उशिरा होतं. मेमरीत न मावणारं काम होतच नाही. सातशे कोटी, म्हणजे सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल, ज्याला सगळे सेव्हन-बी म्हणतात, ते पूर्ण अचूकतेच्या निम्म्यावर, म्हणजे पॅरामीटरला दोन बाइट धरून, १४ जीबी होतं. चार बिटांवर दाबलं की साडेतीन जीबी. तेच मॉडेल मुळापासून पूर्ण शिकवायला काढलंस तर सोळा बाइटांचा हिशोब लागतो, ११२ जीबी. ते तुझ्या ५०९० मध्येही मावत नाही, त्यात ३२ आहेत. मग लोक घरी करतात काय? २०२३ मध्ये क्यूलोरा नावाची युक्ती आली. मूळ मॉडेल चार बिटांत दाबून गोठवायचं आणि त्याच्या कडेला छोटी पट्टी जोडून फक्त तीच शिकवायची. ६५ अब्जांचं मॉडेल ही युक्ती काढणाऱ्यांनी ४८ जीबीच्या एका कार्डावर असं वळवून दाखवलं. त्याच युक्तीने सात-आठ अब्जांचं मॉडेल १६ जीबीत व्यवस्थित बसतं.

आता खरी गंमत. ७० अब्जांचं मॉडेल चार बिटांत दाबलं तरी ३५ जीबी. ५०९० मध्ये ३२. जानेवारी २०२५ मध्ये त्या कार्डाची भारतातली जाहीर किंमत २,१४,००० रुपये होती, आणि दुकानात ते जाहीर किमतीला मिळणं ही वेगळीच कथा. म्हणजे दोन लाखांवर मोजूनही जे मोठं मॉडेल तुला चालवून बघायचंय ते तीन जीबीने बाहेर राहतं. जे सात-आठ अब्जांचं तू प्रत्यक्षात रोज वापरशील, ते त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या किमतीच्या कार्डात मावतं. मधला सगळा पैसा वेगासाठी. वेग वाईट नाही, पण विद्यार्थ्याकडे रात्र असते. आणि ७० अब्जांची हौस आली तर तासाच्या भाड्याने मोठं कार्ड घे, रविवारी दुपारी चार तास वापर, बंद कर. भाड्याची मशीन बंद करायला विसरू नकोस, एवढंच. ते बिल बघून मी एकदा दोन दिवस जेवलो नव्हतो.

तर कार्ड: आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीचं. याच नावाचं ८ जीबीचंही येतं, दुकानदार तेच पुढे सरकवेल, खोक्यावरचा आकडा स्वतः वाच. १८० वॅट खातं. भाव रोज हलतात, पण अर्ध्या लाखाच्या आगेमागे. कोणी ४०६० टीआय १६ जीबी स्वस्तात देत असेल तर थांब. मेमरी तेवढीच, पण ती वाचण्याचा वेग सेकंदाला २८८ जीबी, ५०६० टीआयचा ४४८. भाषा-मॉडेल प्रत्येक शब्दतुकड्यासाठी आपली सगळी वजनं एकदा वाचून काढतं. त्यामुळे चार जीबीचं मॉडेल पहिल्यावर फार तर सेकंदाला ७२ तुकडे टाकेल, दुसऱ्यावर ११२ पर्यंत जाईल. हा फरक रोज जाणवतो.

मित्राची ३०९० ची गोष्ट अगदीच टाकाऊ नाही. २४ जीबी मेमरी, वाचण्याचा वेग ९३६. २०२० चं कार्ड असूनही या कामात अजून दमदार. पण जुन्या बाजारातल्या अनेक ३०९० नी इथेरियम या आभासी चलनाची खाण खणलेली आहे, म्हणजे ते कमावण्यासाठी दिवसरात्र हिशोब केलेले आहेत. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने खाणकाम बंद केलं आणि ही कार्डं बाजारात ओतली गेली. ३०९० मध्ये मेमरीच्या चोवीस चिप आहेत, त्यातल्या बारा पाठीमागे, जिथे पंखा नाही. त्या भाजून निघतात. घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याच्या घरी अर्धा तास पूर्ण भार देऊन मेमरीचं तापमान बघायचं, शंभरच्या वर जाऊन तिथेच बसलं तर हात जोडून निघायचं. वॉरंटी नाही, बिल नाही. पहिल्याच मशीनला हा जुगार नको. दोन तर नकोच. दोन कार्डांचे सातशे वॅट, त्यांना पेलणारा एसएमपीएस, अंतर सोडून दोन स्लॉट असलेला मदरबोर्ड, आणि क्षणभर जास्त वीज ओढून मशीन बंद पाडणारी ३०९० ची प्रसिद्ध खोड. तू मॉडेल शिकशील की हे निस्तरशील?

एएमडीबद्दल थोडक्यात. कार्डं चांगली, मेमरी सढळ. पण रात्री दोन वाजता काहीतरी अडलं की उत्तर शोधताना दहातली नऊ उत्तरं कुडा, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांचं सॉफ्टवेअर, धरून लिहिलेली सापडतात. एनव्हिडियाने ते २००७ पासून रुजवलंय. दुसरं मशीन एएमडीचं घे. लॅपटॉपचं तू विचारलं नाहीस, तरी कोणीतरी सुचवेलच. लॅपटॉपमधली कार्डं नावाने मोठी असतात. टेबलावरच्या ४०९० मध्ये २४ जीबी, लॅपटॉपच्या ४०९० मध्ये १६.

बाकीची यादी पटकन. प्रोसेसर एएम५ सॉकेटचा सहा किंवा आठ कोअरचा रायझन. तो एएमडीचाच, पण प्रोसेसरला वरची अडचण नाही. फोटो उलगडून कार्डाला भरवण्याचं काम त्याचं असतं, त्यात फार कंजुषी केलीस तर कार्ड उपाशी बसतं. रॅम १२८ जीबी कशाला? २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की सोन्याशी तुलना करायचा मोह होतो. ३२ पुरेल, जमलं तर ६४, पण दोनच पट्ट्यांत घे. एएम५ वर चार पट्ट्या लावल्या की रॅमचा वेग खाली येतो. एसएसडी २ टीबी. वॉटर कूलिंग नको, साधा मोठा एअर कूलर लाव, त्यातून पाणी गळत नाही. एसएमपीएस मात्र गरजेपेक्षा मोठा घे, ७५० वॅटचा, चांगल्या नावाचा, गोल्ड दर्जाचा. उद्या कार्ड बदलशील, एसएमपीएस तोच राहील. सगळं मिळून दीड लाखाच्या आतबाहेर. बाबांची जीएसटी नोंदणी असेल आणि मशीन खरोखर मालाच्या तपासणीला लागणार असेल, तर त्यांच्या नंबरावर पक्कं बिल घे आणि सीएला विचार. सुट्या भागांवर १८ टक्के कर असतो, त्याचं क्रेडिट मिळतं का ते तो सांगेल. एफडी मोडण्यापेक्षा एफडीवर कर्ज मिळतं, तेही बँकेत विचारायला लाव. दीड लाखासाठी ठेव मोडून व्याज गमावायची गरज नसते.

आता विजेचं. इथे थोडा वेळ घेतो, कारण असेंबल करण्याच्या व्हिडिओंत हे कोणी सांगत नाही आणि तुझ्या घरी माग आहेत.

माझ्या पहिल्या मशीनच्या कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. वाटायचं, स्थिर वीज असेल. सहा महिने तसंच वापरलं. एकदा मदरबोर्ड गेला, मग दुसरा गेला. दुकानदाराला मी बरंच काही बोललो. शेवटी वायरमन आला, मल्टिमीटर लावला आणि हसला. प्लगच्या तिसऱ्या पिनेत वायर होती, पण ती भिंतीच्या आत कुठेच जोडलेली नव्हती. प्रत्येक एसएमपीएसमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे कॅबिनेटवर शंभर-सव्वाशे व्होल्ट तरंगत राहतात. करंट किरकोळ असतो, माणूस मरत नाही, पण एचडीएमआयची वायर खुपसताना ठिणगी उडते आणि बोर्ड मरतात. दुकानदाराची मी नंतर माफी मागितली. त्याने चहा पाजला, बोर्डाचे पैसे मात्र गेले ते गेले.

तर कार्डाच्या आधी वायरमन. फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल जवळपास सारखे येतात का, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टांपेक्षा जास्त दिसतात का, हे त्याला माग चालू असताना मोजायला सांग. माग बंद असताना सगळ्यांच्याच घरची वीज गुणी असते. मोटर सुरू होताना दिवे मिणमिणतात ना तुमच्याकडे? त्या झटक्याला मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. घरच्या मीटरवरून थेट एक वेगळी लाइन, तिला तिचा एमसीबी, आणि पुढे शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस. चौकोनी लाटेच्या स्वस्त यूपीएसशी नव्या एसएमपीएसचं जमत नाही. यूपीएसकडून दोन तासांची अपेक्षा नको, दहा मिनिटं पुरेत, नीट बंद करण्यापुरती. आणि कोडमध्ये दर अर्ध्या तासाला चेकपॉइंट, म्हणजे तोवर शिकलेलं मॉडेल, साठव. ते फुकट आहे आणि कुठल्याही बॅटरीपेक्षा भरवशाचं.

एक ताकीद. मागांच्या मीटरवरून लाइन ओढायचा मोह होईल, कारण यंत्रमागाला वीज सवलतीत मिळते. करू नकोस. ज्या कारणासाठी जोडणी दिली त्याव्यतिरिक्त वापर म्हणजे वीज कायद्याचं कलम १२६, आणि दंड बाबांच्या नावावर येईल. घरच्या मीटरवर खर्च किती? हे मशीन भाराखाली साधारण ३२० वॅट घेईल. रात्रीचे आठ तास चालवलंस तर अडीच युनिट, महिन्याला ७७. तुझ्या यादीतलं मशीन आठशे वॅटच्या आसपास गेलं असतं, महिन्याला १९२ युनिट. महावितरणचा टप्पा १०० ला बदलतो, ३०० ला बदलतो, ५०० ला बदलतो. घरचं मागचं बिल काढून त्यात हे दोन्ही आकडे मिळवून बघ. कोणता टप्पा ओलांडला जातो ते बाबांना दाखव. कागदावरचा असा हिशोब बाबांना पटकन समजेल, ते रोज तोच करतात.

सॉफ्टवेअरला एक ओळ: उबुंटू लिनक्सची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती, आणि ५० मालिकेच्या कार्डाला मॉडेल शिकवायची पायटॉर्च लायब्ररी, २.७ किंवा पुढची, कुडा १२.८ वर बांधलेली. जुनी टाकलीस तर कार्ड दिसतं, पण काम करत नाही, आणि तुला वाटतं कार्ड खराब आलं.

राहिली जागा. शेडमध्ये नको. आईचा आवाजाचा मुद्दा मी समजतो, पण सहा माग खडखडत असताना १८० वॅटच्या कार्डाचा पंखा त्या घरात कोणाला ऐकू येणार आहे? शेडमधली हवा तू लहानपणापासून बघतोस. छताच्या कोळ्याच्या जाळ्यांना लटकणारं सूत, पंख्यांच्या पात्यांवरची पांढरी लव. ते तूस कार्डाच्या पट्ट्यांत पंधरा दिवसांत नमद्यासारखं बसेल. मग पंखा फिरत राहील आणि हवा जाणार नाही. सोलापूरचा मे आणि वर पत्रा, म्हणजे चाळिशीच्या पुढची खोली. कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करेल, आणि तू कोडमध्ये चूक शोधत बसशील.

शेडमध्ये फक्त कॅमेरे राहू देत, बंद डब्यात, पुढे काच, आणि काच रोज पुसायला मावशींना सांग. नमुना चालला तर पुढे एखादा जेटसन ओरिन नॅनो मागांजवळ बसवता येईल. ८ जीबीचा छोटा बोर्ड आहे, तुझ्या सेकंदाच्या बावीस तुकड्यांसाठी भरपूर. तोवर मशीन घरात, जमिनीपासून हातभर वर, भिंतीपासून वीतभर पुढे, कॅबिनेटला जाळीचे फिल्टर. शिकवायची कामं रात्री लाव. महिन्यातून एकदा अंगणात नेऊन ब्लोअर मार, आणि मारताना पंख्याची पाती बोटाने धर, नाहीतर ती उलटी गरगरतात आणि बेअरिंग जातं.

आईला सांग, हिवाळ्यात त्या खोलीत गोधडी एक कमी लागेल. उन्हाळ्याचं मी काही बोलत नाही.